स्टार्टअप काढायचंय आणि एमबीएही करायचंय? मग बी-स्कूलचा अर्ज असा करा

बी-स्कूलच्या, म्हणजे एमबीएच्या कॉलेजाच्या, अर्जात 'मला स्वतःचं स्टार्टअप काढायचंय' असं लिहिणारे ढिगाने असतात. लिहायला काही लागत नाही ना. त्यामुळे ॲडमिशन कमिटीवर त्या वाक्याची छाप वगैरे काही पडत नाही, उलट त्यांच्या डोक्यात शंका सुरू होतात: हा खरंच काढणार का, काढायचंच आहे तर सरळ काढायचं सोडून इथं कशाला येतोय, आणि नाहीच चाललं तर याला नोकरी कोण देणार. रेझ्युमे, निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू, सगळीकडे फिरून फिरून ह्याच शंकांची उत्तरं द्यायची असतात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम सोपं होतं.

आणि एक, अर्ज म्हणजे पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायचं सादरीकरण, नाही. कमिटी तुमच्या कंपनीत पैसे घालणार नाहीये, तिला तुम्हाला वर्गात बसवायचंय. आयडिया कितीही भारी असली तरी ती दोन वर्षांत बदलणार हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांना बघायचा असतो माणूस.

पायरी १: जायचंय का, ते आधी नीट ठरवा

धंदा काढायला एमबीए लागत नाही हे सगळ्यांना माहितीये, मग तुम्हाला का लागतंय? ह्याचं उत्तर स्वतःला देता आलं नाही तर कमिटीला तर अजिबात देता येणार नाही. पटण्यासारखी कारणं असतात. उदाहरणार्थ को-फाउंडर, म्हणजे सोबत कंपनी काढणारा भागीदार, शोधणं. हबस्पॉट ह्या सॉफ्टवेअर कंपनीचे ब्रायन हॅलिगन आणि धर्मेश शाह एमआयटीच्या स्लोन बी-स्कूलमध्ये शिकताना भेटले. वॉर्बी पार्कर ही चष्म्यांची कंपनी अमेरिकेतल्या व्हार्टन बी-स्कूलच्या चार वर्गमित्रांनी शिकता शिकताच काढली आणि २०१० मध्ये बाजारात आणली. ग्रॅब ह्या टॅक्सी ॲपची कल्पना हार्वर्डच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत २०११ साली दुसरी आली होती, आणि तीही दोन वर्गमित्रांचीच. म्हणजे 'मला टेक्निकल बाजू येते, पण विक्री आणि फायनान्स येणारी माणसं माझ्या आसपास नाहीत' हे कारण पुरेसं ठोस आहे. क्षेत्र बदलायचंय, दुसऱ्या देशातला बाजार समजून घ्यायचाय, किंवा घरच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत आणि आता तो मोठा करताना ताळेबंद वाचता येत नाही म्हणून अडायला होतंय, ही पण चालणारी कारणं.

न चालणारी कारणं: नावामागे ब्रँड लागला की फंडिंग मिळेल, किंवा आयडिया अजून नाहीये पण तिथं गेल्यावर सुचेल. सुचतेही कधीकधी, पण ते अर्जात लिहायचं नसतं.

आता पैशाचं बोलू, कारण धंदा करणाऱ्याला हा मुद्दा नोकरीवाल्यापेक्षा जास्त चावतो. अमेरिकेतल्या वरच्या कॉलेजांत दोन वर्षांची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च धरला तर आकडा २ लाख डॉलरच्या वर जातो. नोकरी करणारा पगारातून हप्ते फेडतो. तुम्ही पहिली काही वर्षं पगारच घेणार नसाल तर हप्ता कुठून भरणार? स्टार्टअपचं म्हणून गेलेली कितीतरी मंडळी शेवटी कन्सल्टिंगमध्ये दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच, उत्साह संपतो असं नाही, ईएमआय सुरू होतो. म्हणून स्कॉलरशिपचा विचार ॲडमिशननंतर नाही, कॉलेजांची यादी करतानाच करा. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डमध्ये बी-स्कूलची मदत गरज बघून देतात, बाकी बऱ्याच ठिकाणी मार्क आणि प्रोफाइल बघूनही देतात, हा फरक मोठा आहे.

आणि धंदा आत्ता चालू आहे, गिऱ्हाईक वाढतंय, अशी वेळ असेल तर माझं सरळ मत, यंदा अर्ज करू नका. कॉलेजं कुठं पळून जात नाहीत, गिऱ्हाईक जातं.

पायरी २: यादी करताना रँकिंग बाजूला ठेवा

रँकिंगमध्ये पगाराला बरंच वजन असतं, आणि फाउंडरला पगार नसतो, त्यामुळे ती यादी तुमच्यासाठी बनवलेलीच नाहीये. तुम्ही बघायचं ते वेगळं. तिथं शिकतानाच कंपनी उभी करायची सोय काय आहे? एमआयटीमध्ये डेल्टा व्ही नावाचा उन्हाळी ॲक्सिलरेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणारा कार्यक्रम, आहे, आणि बाजूलाच इंजिनिअर लोकांची खाण आहे. शिकागो विद्यापीठाच्या बूथ बी-स्कूलची न्यू व्हेंचर चॅलेंज ही स्टार्टअप स्पर्धा १९९६ पासून चालू आहे, ग्रबहब (जेवण घरपोच देणारी) आणि ब्रेनट्री (ऑनलाइन पेमेंटची) ह्या कंपन्या तिथूनच पुढे आल्या. हार्वर्डमध्ये २०११ पासून आय-लॅब, म्हणजे स्टार्टअपवर काम करायची जागा, आहे, तिथं बी-स्कूलच्याच नाही तर इतर विभागांच्या विद्यार्थ्यांनाही जाता येतं, म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, वकील एकाच टेबलावर भेटू शकतात. बॅब्सन कॉलेजची तर ओळखच आंत्रप्रेन्युअरशिप, म्हणजे उद्योजकता.

दहा महिन्यांचा कोर्स की दोन वर्षांचा हाही प्रश्न आहे. इन्सियाड ह्या युरोपातल्या बी-स्कूलचं एमबीए दहा महिन्यांत उरकतं, खर्च आणि वेळ वाचतो, ज्याचा धंदा ठरलेला आहे त्याला बरं. पण आयडिया तपासून बघायची, ती मोडायची, दुसरी घ्यायची, माणसं जोडायची, ह्याला दोन वर्षांचा कोर्स आणि मधला उन्हाळा उपयोगी पडतो.

सर्च फंड हा प्रकारही माहीत करून घ्या. ह्यात शून्यातून कंपनी काढत नाहीत, गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन एखादी चालू, छोटी, फायद्यातली कंपनी शोधून विकत घेतात आणि स्वतः चालवतात. १९८४ च्या सुमाराला ही पद्धत सुरू झाली आणि स्टॅनफर्ड त्याचा अभ्यास सातत्याने करत आलंय. ज्यांना धंदा चालवायची हौस आहे पण नवीन आयडियाचं वेड नाही त्यांनी हे जरूर बघावं, ह्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

परदेशात जाणार असाल तर व्हिसा. हा भाग लोक शेवटी बघतात आणि मग डोक्याला हात लावतात. अमेरिकेत एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकताना स्वतःच्या कंपनीत काम करायला सुद्धा परवानगी लागते, आपलीच तर कंपनी आहे म्हणून चालत नाही. डिग्रीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीमध्ये, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीत, स्वतःचा धंदा करता येतो, पण तो अभ्यासाशी संबंधित पाहिजे. तुमचं एमबीए स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या गटातलं, म्हणून नोंदलेलं असेल तर अजून २४ महिने मिळू शकतात, पण त्याला मालक आणि कर्मचारी असं खरं नातं दाखवावं लागतं, म्हणजे आपणच आपल्याला नोकरीवर ठेवलं असं करता येत नाही. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला बंदी आहे, नंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर करता येतो. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षी सरकारी वेबसाइटवर जाऊन स्वतः वाचा, कुणाच्या मामेभावाने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

यादीतल्या प्रत्येक कॉलेजातल्या निदान एका तरी फाउंडर विद्यार्थ्याशी बोला. 'कॉलेज कसं आहे' विचारलं तर 'मस्त आहे' एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा की पहिल्या सेमिस्टरमध्ये तुझ्या कंपनीला आठवड्यातून किती तास मिळाले, उन्हाळ्यात इंटर्नशिप सोडून कंपनीवर काम केलंस तर पैशाचं कसं भागवलंस, कुठल्या प्रोफेसरचा खरंच उपयोग झाला. ही उत्तरं पुढे निबंधात सोन्यासारखी वापरता येतात.

पायरी ३: परीक्षा लवकर उरकून टाका

फाउंडर लोकांना हा भाग नकोसा असतो, 'मी कंपनी चालवतो, मला कशाला त्रिकोणमिती' वगैरे. एक तर त्रिकोणमिती नसतेच. दुसरं, तुमच्या कंपनीचं नाव कमिटीने ऐकलेलं नसतं, तुमचं प्रमोशन तुम्हीच स्वतःला दिलेलं असतं, अशा वेळी बाकीच्यांशी सरळ तुलना करता येईल असा तुमच्याकडचा एकच आकडा म्हणजे हा स्कोअर. कॉलेजात गणिताचे मार्क यथातथा असतील तर जास्तच.

बी-स्कूल प्रवेशासाठी जीमॅट किंवा जीआरई ह्यापैकी एक परीक्षा देतात. आत्ताच्या जीमॅटमध्ये क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी) आणि डेटा इनसाइट्स (आकडेवारी वाचणं) असे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, स्कोअर २०५ ते ८०५. जुन्या ८०० च्या स्कोअरशी तुलना करू नका, स्केलच वेगळं आहे. जीआरई आता दोन तासांच्या आत संपते. दोन्ही स्कोअर पाच वर्षं चालतात. कुठली द्यायची? दोन्हीची एकेक मोफत सराव परीक्षा घड्याळ लावून द्या आणि जी बरी जाईल ती धरा, ह्यावर दोन महिने चर्चा करायची गरज नाही.

पायरी ४: कॅलेंडर

मोठी कॉलेजं अर्ज राउंडमध्ये घेतात. पहिला साधारण सप्टेंबर, दुसरा जानेवारीची सुरुवात, कुठंकुठं तिसरा मार्च-एप्रिलमध्ये. हार्वर्डला दोनच. तिसऱ्यात जागा आणि स्कॉलरशिपचे पैसे दोन्ही उरलेले कमी, परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाचीही घाई, म्हणून पहिला किंवा दुसराच धरा. धंद्याचा सीझन कधी असतो ते बघून राउंड निवडा, ऐन दिवाळीच्या ऑर्डरींत किंवा वर्षअखेरच्या हिशोबात निबंध लिहायला बसलात तर दोन्ही कामं बिघडतील.

अजून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असाल तर हार्वर्डचं टू प्लस टू किंवा त्यासारखे डिफर्ड प्रोग्राम बघा, आत्ता ॲडमिशन पक्की करायची, मधली काही वर्षं काम करायचं आणि मग जायचं. त्या मधल्या वर्षांत जोखीम घ्यायला एक आधार राहतो.

पायरी ५: रेझ्युमे

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. 'फाउंडर आणि सीईओ' लिहिलं की काम झालं असं वाटतं, आणि खाली 'आरोग्यक्षेत्रात क्रांती घडवणारा प्लॅटफॉर्म' असलं काहीतरी. वाचणाऱ्याला ह्यातून काय कळलं? काही नाही.

समजा एकीने फिजिओथेरपी क्लिनिकसाठी अपॉइंटमेंटचं ॲप काढलं. तिने असं लिहावं: '११ क्लिनिकना महिन्याच्या फीवर ॲप विकलं, ४ क्लिनिकनी तीन महिन्यांत सोडलं, रिसेप्शनवर वही आणि ॲप अशी दोनदा नोंद करावी लागते हे तिथं बसून पाहिलं, नोंदीची पद्धत बदलली, त्यानंतर २ परत आली.' आकडे छोटे आहेत, चालेल. पैसे देणारं गिऱ्हाईक आहे, नुकसान लपवलेलं नाही, आणि ती स्वतः जाऊन रिसेप्शनवर बसली हे दिसतं. '१० हजार डाउनलोड'पेक्षा मला हे कधीही भारी वाटतं.

कंपनी बंद पडली असेल तरी लिहा. कधी सुरू, कधी बंद, किती पैसे होते, का बंद केली, माणसांचे पगार आणि गिऱ्हाइकांचे पैसे देऊन बंद केली का. नीट बंद केलेली कंपनी ही चांगली गोष्ट आहे.

आणि फुगवू नका. बरीच कॉलेजं ॲडमिशन दिल्यावर बाहेरच्या एजन्सीकडून माहिती तपासून घेतात. नोकरीवाल्याचं एचआर सांगतं, तुमचं कोण सांगणार? त्यामुळे नोंदणीचे कागद, टॅक्स रिटर्न, बिलं, बँकेचे स्टेटमेंट आधीच एका फोल्डरमध्ये काढून ठेवा.

एमआयटी स्लोनसारखी कॉलेजं ऑर्गनायझेशन चार्ट पण मागत आलीयेत. तीन जणांच्या कंपनीचा चार्ट काढताना लोकांना लाज वाटते आणि मग ते उगाच 'व्हीपी मार्केटिंग'चे रिकामे डबे काढतात. तसं नका करू. दोन पार्टनर, एक फ्रीलान्स डेव्हलपर, कोण कशाचा निर्णय घेतं, सल्लागार असेल तर तो, एवढं खरंखुरं दाखवा.

पायरी ६: शिफारसपत्रं, बॉसच नसेल तर?

बहुतेक ठिकाणी दोन लागतात आणि एक तरी वरिष्ठाचं हवं असतं. फाउंडरला बॉस नसतो. मग कोण? आधीच्या नोकरीतला मॅनेजर, पैसे घातलेला गुंतवणूकदार, बोर्डवर असलेली व्यक्ती, मोठं गिऱ्हाईक, सप्लायर, इनक्युबेटरमधला (नव्या कंपन्यांना जागा आणि सल्ला देणारी संस्था) मेंटर जो तुम्हाला दर महिन्याला भेटायचा. गिऱ्हाइकाचं पत्र मला फार आवडतं, कारण त्याला तुमचं कौतुक करून काही मिळणार नसतं. को-फाउंडरकडून घेऊ नका, तो तुमच्याच बाजूचा. आणि घरच्या धंद्यात असाल तर वडील, काका, मोठा भाऊ ह्यांच्यापैकी कुणीच नाही, मग ते कागदावर चेअरमन का असेनात. धंद्याचा सीए, बँकेचा मॅनेजर, जुना डीलर, बाहेरचा कुणीतरी शोधा.

बरीच कॉलेजं एक सामाईक फॉर्म वापरतात, त्यात हमखास असतो असा प्रश्न म्हणजे ह्या व्यक्तीला तुम्ही सुधारणेसाठी काय सांगितलं आणि तिने त्यावर काय केलं. त्यामुळे तुम्हाला कधीतरी सुनावलेला माणूस निवडा. मोठ्या नावाच्या पण दोनदाच भेटलेल्या माणसाकडे ह्या प्रश्नाला उत्तरच नसतं. ज्याला निवडाल त्याला दीड-दोन महिने आधी विचारा, सोबत प्रसंगांची आठवण करून देणारं एक पान द्या, पण पत्र स्वतः लिहून सहीला पाठवू नका. वाचणाऱ्याला पत्रातली आणि तुमच्या निबंधातली एकच भाषा लगेच ओळखू येते.

पायरी ७: निबंध

स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं विचारतंय की तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का. ह्यात स्टार्टअपबद्दल एक शब्द नाही. तरी फाउंडर लोक तिथं बाजार किती अब्जाचा आहे ते लिहून येतात.

करियर गोलच्या निबंधात मात्र स्टार्टअप येणारच. तिथं क्रम असा धरा: प्रश्न कुठं दिसला, त्यावर आत्तापर्यंत काय केलं, कुठं अडलं, ते अडलेलं ह्या कॉलेजात कसं सुटेल. 'कुठं अडलं' हा मधला भाग बहुतेक जण गाळतात, आपण कमी पडतो असं दिसेल म्हणून. पण तो गाळला तर इथं कशाला येतोय ह्या शंकेला उत्तरच उरत नाही. आपल्या फिजिओवालीचं उदाहरण घ्या. ती म्हणू शकते की ११ क्लिनिक मी स्वतः फिरून जोडली, १०० जोडायला सेल्स टीम लागेल, ती कशी बांधायची, पगार आणि कमिशन कसं ठरवायचं हे मला येत नाही, आणि मोठ्या हॉस्पिटलशी बोलताना किंमत कशी ठरवायची तेही नाही. मग त्या कॉलेजातला नेमका कोर्स, नेमकी स्पर्धा, ज्याच्याशी बोललात त्या विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट. कॉलेजचं नाव खोडून दुसरं टाकलं तरी परिच्छेद चालत असेल तर तो पुन्हा लिहा.

आता दुसरा रस्ता, म्हणजे प्लॅन बी. प्लॅन बी लिहिला तर कच खाल्ली असं वाटेल अशी भीती असते, पण कॉलेजला नोकऱ्यांचे आकडे जाहीर करायचे असतात, आणि 'स्टार्टअप नाहीतर काहीच नाही' म्हणणारा माणूस त्यांना जोखमीचा वाटतो. प्लॅन बी त्याच दिशेचा असू द्या. वरची मुलगी म्हणू शकते की लगेच जमलं नाही तर हेल्थकेअर सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होईन, मोठ्या हॉस्पिटलांना विक्री कशी होते ते आतून बघेन, आणि मग परत येईन. 'नाहीतर इन्व्हेस्टमेंट बँकिंग' असं लिहिलं की आधीचं सगळं खोटं वाटायला लागतं.

आयडिया चोरीला जाईल म्हणून मोघम लिहू नका. कुणाला वेळ नाही चोरायला.

पायरी ८: इंटरव्ह्यू

प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. हार्वर्डमध्ये अर्ध्या तासाचा, आणि समोरच्याने तुमचा सगळा अर्ज वाचलेला असतो, त्यामुळे प्रश्न खोल जातात, एखाद्या आकड्यावर अडकून बसतात. स्टॅनफर्डला बहुतेकदा माजी विद्यार्थी घेतात आणि त्यांच्याकडे फक्त रेझ्युमे असतो. इन्सियाडला साधारण दोन माजी विद्यार्थी वेगवेगळे भेटतात. व्हार्टनला गटचर्चा असते, आणि फाउंडर लोक नेमके तिथं घसरतात, कारण मीटिंग ताब्यात घ्यायची सवय. तिथं दुसऱ्याचा मुद्दा उचलून पुढे नेणारा माणूस बघतात.

तयारी म्हणाल तर आपले आकडे पाठ पाहिजेत: महिन्याची विक्री, खर्च, एक गिऱ्हाईक मिळवायला लागणारे पैसे, किती जण सोडून गेले. 'को-फाउंडरशी शेवटचं भांडण कशावरून झालं' हा प्रश्न येऊ शकतो. 'आमच्यात भांडणं होत नाहीत' हे त्याचं सगळ्यात वाईट उत्तर. आणि 'कंपनी पहिल्याच वर्षी चालली तर कोर्स सोडशील का' ह्यावर घाईने 'नाही नाही, कधीच नाही' म्हणू नका. डिग्री का पूर्ण करायचीये ते सांगा, पटेल असं.

पायरी ९: निकालानंतर

वेटलिस्टवर असाल आणि कॉलेज अपडेट घेत असेल तर एकच, आटोपशीर पाठवा, खरं काही नवीन घडलं असेल तेव्हा. नकार आला तर पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो. तिथं फाउंडरला एक फायदा आहे, वर्षभरात धंद्यात काहीतरी हललेलं असतं, ते दाखवता येतं. 'धंदा जोरात आहे, एक वर्ष थांबू का' ह्याला मात्र कॉलेजं सहसा नाही म्हणतात, त्यामुळे डिफर, म्हणजे ॲडमिशन पुढच्या वर्षावर ढकलायची सवलत, मिळेल असं धरून अर्ज करू नका.

ॲडमिशन मिळाली तर डिपॉझिट भरायच्या आधी को-फाउंडरसोबत बसून चार गोष्टी कागदावर आणा: तुम्ही नसताना कंपनी कोण चालवणार, तुमचे शेअर किती राहणार, तुम्ही परत आलातच नाही तर त्या शेअरचं काय, आणि कोड, ब्रँड, डोमेन कुणाच्या नावावर. शेवटचं खास बघा. डोमेन कॉलेजातल्या एखाद्या मित्राच्या ईमेलवर घेतलेलं असतं आणि तो आता फोन उचलत नाही, असं निघालं तर निघायच्या आधीच निस्तरा.